शिट्टी वाजली तेव्हा

आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली नऊ जवान. त्यातला शिपाई विलास राठोड माझ्याच हिंगोली जिल्ह्यातला, सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरचा. ड्यूटीवर सगळ्यांसारखा उस्ताद म्हणायचा, ड्यूटी संपली की दादा.

गोळे येऊ लागले की मी एक लांब शिट्टी द्यायची. सगळ्यांनी आहे तिथं आडवं व्हायचं आणि दुसऱ्या शिट्टीपर्यंत उठायचं नाही. हे ड्रिल चार महिने रोज दोनदा घेतलं. जेवताना, दाढी करताना, केव्हाही.

मग नवा बंकर तयार झाला. सकाळी साडेसहाच्या फॉल-इनला, सगळे रांगेत उभे असताना, मी कंपनी कमांडरांचा हुकूम सांगितला. आजपासून लांब शिट्टी म्हणजे बंकरकडे पळायचं. प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. सराव मात्र दुपारवर ढकलला, कारण खालून रेशन आणायचं होतं. सगळ्यांना समजलंय, एवढं मला पुरेसं वाटलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वरच्या चौकीचा रेडिओ आला, "मॉर्टर फायर. कव्हर लो." मी शिट्टी दिली. उघड्यावर आम्ही पाच जण होतो. पाचही आडवे झालो. शिट्टी देणारा मीसुद्धा. बंकर पंधरा पावलांवर होता.

पहिला गोळा खाली उतारावर पडला. विलासनं मान वर केली.

"उस्ताद, बंकर."

एवढं बोलून तो उठला आणि पळाला. दुसरा गोळा बंकरच्या तोंडाशी पडला. आम्ही चौघं जमिनीला चिकटलेले, वाचलो. विलास अकरा वीसला गेला. शिट्टीसरशी पळालो असतो तर पहिल्या गोळ्याआधीच सगळे आत असतो.

चौकशीत मी सकाळीच हुकूम दिल्याचं सिद्ध झालं. माझ्यावर ठपका आला नाही.

रजा मिळाल्यावर तांड्यावर गेलो. बाकीचे पडून राहिले म्हणून वाचले, एवढं त्याच्या वडिलांच्या कानावर आलं होतं. त्यांनी विचारलं, "माझ्या पोरानं तुमचं ऐकलं न्हाई व्हय?"

"ऐकलं, काका. त्यानं एकट्यानंच ऐकलं."

मग मी सगळं सांगितलं. सराव घेतला नाही, हेही.

"म्हंजी पोरगं चुकलं न्हवतं."

"न्हाई."

शिपाई विलास राठोड चुकला नव्हता. कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो.