जमिनीला गाल लावून

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकेचाळीस बोटी बांधल्या आणि एकीवरही त्यांचे नाव नाही. बोटीवर मालकाचे नाव असते, मालकाच्या बायकोचे असते, एकदा तर मालकाच्या कुत्र्याचे होते. सासऱ्यांना त्याचे काही वाटत नाही, असे मी धरून चालले होते.

बोटींच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘नेमबाज’ म्हणत. बोटीच्या फासळ्या कापायच्या, तर आधी प्रत्येक फासळीचे वळण खऱ्या मापात जमिनीवर काढावे लागते. त्यासाठी माडीवर काळा रंग दिलेली लांबरुंद लाकडी जमीन होती. सासरे तिथे खिळे ठोकत, त्यांना धरून एक लवचिक पट्टी वाकवत आणि खडूने रेघ ओढत. मग चक्क आडवे होत, गाल जमिनीला टेकवत, एक डोळा मिटून रेघेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बघत. उठून एखादा खिळा तांदळाच्या दाण्याएवढा सरकवत, की पुन्हा आडवे. एका बोटीला असे तीन आठवडे लागत. लग्न होऊन आले तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिले आणि म्हातारा घेरी येऊन पडला असे समजून पाणी आणायला धावले होते.

माझा धंदा वेगळा. माझ्या छोट्या दुकानात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, नकाशे काढायचे आणि प्लॉटर या मोठ्या प्रिंटरवर रोलच्या कागदावर छापायचे. हे कारखान्याच्या मालकांच्या कानावर गेले आणि त्यांनी मला बोलावून बेचाळिसाव्या बोटीच्या फासळ्या कॅडवर काढायला सांगितल्या. त्या खऱ्या मापात छापायच्या, जमिनीवर पसरून जुळवायच्या, की तीच फाइल लाकूड कापणाऱ्या मशीनवाल्याकडे जाणार.

“मिस्त्री, हे एकदा जुळलं की तुम्ही मोकळे,” मालक माझ्यासमोरच सासऱ्यांना म्हणाले. “डोळ्यात मोतीबिंदू आहे तुमच्या. किती दिवस लोळणार जमिनीवर? घरी बसा आता, आराम करा.”

सासऱ्यांनी मान हलवली. घरी येताना ते वाटभर माझ्या पुढे पुढे चालले.

मला धड आनंदही करता येईना. माझे काम बरोबर निघाले तर सासरे घरी बसणार आणि चुकले तर माझे नाक कापले जाणार. बरे, चुकायला वावही नव्हता. माडीखाली त्या बोटीसाठी ठेवलेले लाकूड होते. सासऱ्यांनी आठ वर्षे ते सावलीत उलटसुलट करून वाळवले होते. तसे दुसरे मिळणार नव्हते.

तेवीस फासळ्यांचे तेवीस कागद घेऊन मी एका सकाळी माडीवर चढले. पहिला पसरला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी एक मीटरची सरळ रेघ ठेवते, छापताना माप बिघडले तर कळावे म्हणून. स्टीलची टेप लावली. बरोबर एक मीटर. मी जरा ताठच उभी राहिले.

सासऱ्यांनी चपला काढल्या, हात धुऊन पुसले आणि ते आडवे झाले. गाल जमिनीला, डोळा मिटलेला. थोड्या वेळाने म्हणाले, “पोरी, ही वळत नाही गं. थांबत थांबत चाललीय.”

“बाबा, कॉम्प्युटरनं काढलीय. त्याचा हात थोडाच थरथरतो?”

“मग त्याला विचार, इथं का थांबला?” त्यांनी पडल्या पडल्या रेघेवर बोट ठेवले. “आणि इथं. आणि हे बघ, इथं.”

ते बोट ठेवत गेले आणि मी पेन्सिलने ठिपके देत गेले. अकरा ठिपके झाले. मी ओणवी होऊन पाहिले, चष्मा काढून पाहिले, घालून पाहिले. रेघ लोण्यासारखी गुळगुळीत दिसत होती. शेवटी न राहवून बोलून गेले, “बाबा, तुमच्या मोतीबिंदूमुळं तर तसं…”

“तो डाव्यात आहे,” सासरे शांतपणे म्हणाले. “बघताना तो मिटलेलाच असतो.”

त्यांची समजूत घालावी म्हणून मी लॅपटॉप उघडला. छापलेली फाइल घेतली, तीच फासळी मोठी केली, आणखी मोठी केली, आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. वळण नव्हतेच! सरळ रेघांचे तुकडे होते, एकाला एक जोडलेले. मशीनवाल्याच्या जुन्या मशीनला वळण वाचता येत नाही, म्हणून एक्स्पोर्ट करताना मी ‘वळणांचे तुकडे करा’ हा पर्याय निवडला होता. पण ते किती बारीक करायचे, तो आकडा बघितलाच नव्हता. स्क्रीनवर सगळे गोल दिसले आणि मी खूश झाले होते.

जोड मोजले. अकरा. एकेक करून कागदावरच्या ठिपक्यांशी ताडून पाहिले. प्रत्येक ठिपका जोडावर होता. खऱ्या वळणापासून ती रेघ कुठेही एका मिलिमीटरहून जास्त ढळली नव्हती आणि हा माणूस एका डोळ्याने ते बघत होता. सात वर्षे मी या माणसाला चहा करून देत होते आणि माझ्या घरात कोण राहते हे मला माहीत नव्हते.

मी दुकानात पळाले. आकडा केसाएवढा बारीक केला, फाइल पुन्हा काढली आणि पहिली फासळी छापून आणली. सासरे पुन्हा आडवे झाले. या वेळी ते उठेचनात. त्यांनी आणखी एखादी चूक सांगितली असती, तर खोटी की खरी, मला काय कळणार होते? नुसते ‘अजून नाही जमलं’ म्हटले असते तरी त्यांचे काम टिकले असते.

ते उठून बसले. गालाला खडू लागला होता.

“एकेचाळीस बोटींत मला अशी एकही जमली नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. “कुठं थांबतच नाही गं ही. ये, तूपण बघ.”

मी साडी सावरून आडवी झाले. गाल टेकवला, डोळा मिटला. आधी नुसता कागद दिसला. मग ती रेघ माझ्यापासून निघाली आणि वळत वळत दूर गेली, आणि मला एकाएकी बोटीची अख्खी कूस दिसली.

“चला, माझं काम संपलं,” सासरे म्हणाले. “सांग मालकांना, जुळलं म्हणून.”

मी पुन्हा दुकानात गेले. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ‘काढले’पुढे माझे नाव होते. ‘तपासले’पुढे मालकांचे, कारण तिथे कोणाचे तरी लागतेच. मी ते खोडले, सासऱ्यांचे नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट टाइप केले आणि तेवीसच्या तेवीस कागद छापून आणले. सासऱ्यांनी एकेक कागद आडवे होऊन पाहिला, मगच बाजूला ठेवला.

संध्याकाळी मालक माडीवर आले. मी सगळे सांगितले, माझी चूकही. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली रचलेल्या लाकडाकडे पाहिले.

“म्हणजे उद्या हे सगळं…”

“वाया गेलं असतं,” मी म्हणाले.

मग त्यांना चौकट दिसली. “माझं नाव काढलंस?”

“तुम्ही तपासलं नव्हतं, मालक.”

मालकांनी बूट काढले. पोट सावरत ते चुकलेल्या कागदाशी आडवे झाले, गाल टेकवला आणि आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. बराच वेळ खटपट करून ते उठले.

“मला काही दिसलं नाही, मिस्त्री,” ते म्हणाले. “उद्या कापताना मशीनपाशी तुम्ही थांबा. आणि पुढच्या बोटीचे कागदही आधी तुम्हीच बघायचे.”

घरी येताना सासरे तसेच पुढे पुढे चालले, तेव्हा मला वाटले पुन्हा काही बिनसले. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

“त्या चौकटीत माझ्या वडिलांचं नावही आलं ना?”

“आलं, बाबा. मधे त्यांचंच आहे.”

“ते पुसलं तर जाणार नाही?”

“फाइलमध्ये आहे. शंभरदा छापलं तरी शंभरदा येईल.”

सासऱ्यांनी गालावरचा खडू पुसला.

“त्यांनी एकोणतीस बांधल्या होत्या,” ते म्हणाले.