पप्पांनी न चाखलेली पोळी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पोळीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा, आणि त्यासाठी लागणारी पोळी माझे पप्पा करायचे. आम्ही तेव्हा धारला राहत होतो. शनिवारी पीथमपूरहून शिफ्टच्या बसने आले की हातपाय धुऊन ते थेट ओट्याशी उभे राहायचे. खमीर नाही, तेल नाही, नुसतं चिमूटभर मीठ. तेवढा वेळ आईलासुद्धा स्वयंपाकघरात मज्जाव. पोळी भाजून झाली की कडा कापून तिचा चौकोन करायचे, त्याचे बारके तुकडे स्टीलच्या ताटात रचायचे आणि वर पांढरं फडकं घालायचे. उरलेल्या कडा खिडकीत चिमण्यांना.

"चिमण्यांना कशाला? तुम्हीच खा ना," मी एकदा दारातून म्हटलं.

"चिमण्यांनी काही केलेलं नाही," ते म्हणाले आणि सुरी धुवायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते ताट बाकांवरून हातोहात फिरत यायचं. पप्पा ते दोन्ही हातांनी घ्यायचे, मान खाली घालून थोडा वेळ धरायचे आणि काहीही न घेता आईकडे द्यायचे. मनुका उकळून केलेल्या रसाचा पेलाही तसाच पुढे जायचा. लहानपणी मला वाटायचं, वाढणारा माणूस पंगतीत शेवटी बसतो, तसं असेल काहीतरी. पण ताट फिरून टेबलावर परत जायचं आणि पप्पांची पाळी काही यायची नाही.

चाखायचंच नाही म्हटल्यावर मीठ सगळं अंदाजाने. पोळी कधी अळणी, कधी खारट. एकदा तर पास्टरजींना ऐन प्रार्थनेत ठसका लागला. पण पप्पांना ते कुणीही सांगितलं नाही. मंडळी बोलायला एरवी कमी नव्हती, पण या बाबतीत सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली होती.

कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही आईकडून. पप्पा मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी प्रत्येक खात्यात मशीनला हार घालायचे आणि नारळ फोडायचा मान फोरमनचा. पप्पा तो मान दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे आणि स्वतः बाहेर चहा पीत उभे राहायचे. कुणी हरकत घेत नव्हतं. मग एका वर्षी पत्रा दाबायचा प्रेस अवेळी खाली आला आणि त्यांच्या हाताखालच्या एका कामगाराची दोन बोटं गेली. बिघाड मशीनचा होता, हे सगळ्यांनी पाहिलं. तरी फोरमनने नारळ फोडला नाही म्हणून कुजबुज व्हायची ती झालीच. पुढच्या पूजेला तोच कामगार नारळ घेऊन पप्पांसमोर उभा राहिला. "साब, इस बार आप ही फोड़ दो. मेरे को डर लगता है."

पप्पांनी नारळ फोडला, हात जोडले, प्रसादाचं खोबरं खाल्लं. घरी येऊन आईला म्हणाले, "माझं तारण गेलं." प्रभुभोजनाची पोळी तोवर आई करायची. त्या महिन्यापासून ती त्यांनी तिच्या हातून काढून घेतली.

आईला हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या लेखी तारण, म्हणजे देवाने केलेला उद्धार, एकदा मिळालं की मिळालं, ते परत घेत नाहीत. "पोरगी रुसून जेवली नाही म्हणून रेशनकार्डातून तिचं नाव काढतात होय?" ती विचारायची.

"रुसणं वेगळं," पप्पा म्हणायचे. "मी दुसऱ्या ताटात जेवून आलो."

शास्त्रात दोघांनाही आपापल्या सोयीचं सापडायचं. आईचं बोट मेंढपाळावर, ज्याच्या हातातून मेंढरू कुणी ओढून नेऊ शकत नाही. पप्पांचं बोट त्या पानावर, जिथे उजेड पाहूनही पाठ फिरवणाऱ्याला परतीची वाट नाही. धारचे पास्टरजी म्हणायचे, माणूस घसरू शकतो, जपून राहायला हवं. लग्न होऊन मी देवासला आले, तर इथले पास्टरजी म्हणाले, उद्धार कधी जातच नाही. म्हणजे धारला तारण जाऊ शकत होतं आणि देवासला नाही. मध्ये फक्त इंदूर लागतं.

मी हे आईला हसत हसत सांगितलं. ती अजिबात हसली नाही. "मग यांना देवासलाच आणू," म्हणाली. पप्पा रिटायर झाल्यावर दोघं खरंच माझ्याकडे राहायला आले. देवासलाही पोळी पप्पांनीच करायला घेतली आणि ताट तसंच पुढे दिलं.

मला दोघांचा राग यायचा. हे घरात वाद घालत बसायचे आणि माझ्या डोळ्यांसमोरून ताट धरून थांबलेले ते हात हलायचे नाहीत. मला एकच जाणून घ्यायचं होतं. उद्या आम्ही सगळे तिथे वर भेटलो, तर पप्पा तिथे असतील की नाही? मनुका उकळल्याचा वास आला की मी उठून घराबाहेर जायचे. स्वप्नात लांबलचक टेबल यायचं, सगळे बसलेले, ताट फिरतंय आणि आईच्या शेजारची जागा रिकामी. आई त्या जागेकडे बघून कुणाला तरी ताट देतेय.

गेल्या हिवाळ्यात पप्पांचं हृदय थकलं. ते दिवसभर खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायचे. आई दुकानात गेली असताना एकदा मी न राहवून म्हटलं, "त्या बिचाऱ्याची भीती जावी म्हणून फोडलात ना नारळ? त्याला काय पाप म्हणायचं?"

"तुझी आईही तेच म्हणते. मी तिला म्हणू दिलं," ते म्हणाले. "तसं नव्हतं गं. हात जोडले तेव्हा मलाही भीती वाटली होती. मी मनापासून म्हणालो, बाबा रे, माझ्या माणसांचे हात सोड. त्या मशीनला म्हणालो. मागितलं ना मी त्याच्याकडे."

इतकी वर्षं मी आईच्या बाजूने होते आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि उठले.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांच्याच्याने उभं राहवेना. पोळी मी केली, ते पलंगावरून सांगत होते. पातळ लाट. मंद आंच ठेव. कडा कापून झाल्या, तशी मी ताटली त्यांच्याजवळ नेली. चिमण्या कठड्यावर येऊन बसल्याच होत्या.

"मीठ कसं झालंय?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधीच विचारलं नव्हतं.

"खाऊन बघा," मी म्हटलं. "कडाच तर आहेत. प्रार्थनासुद्धा व्हायचीय अजून, तोवर साधीच पोळी."

ते हसले. एक कड मी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घातली, बाकावर घालायचे तशीच. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं आणि मी धावले. परत आले तर त्यांचे हात रिकामे होते, डोळे मिटलेले होते. खिडकी उघडीच होती. झोप लागली असेल म्हणून मी आवाज दिला नाही. त्या झोपेतून ते उठले नाहीत.

आईला मी सगळं सांगितलं, मशीनचंही आणि हातात दिलेल्या कडेचंही. ती एवढंच म्हणाली, "तो सोडत नाही कुणाला." मातीला आलेल्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाज खणखणीत. बायका म्हणाल्या, काय हा विश्वास! मलाही तेव्हा तिचाच आधार वाटला.

कब्रस्तानातून परत आल्यावर ती दिसेना म्हणून मी आतल्या खोलीत गेले. आई पप्पांच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसली होती. मला वाटलं, प्रार्थना करतेय. पण ती चादर झटकत होती. मग तिने उशीचा अभ्रा उलटा केला, शिवणीतून बोट फिरवलं, गादी उचलून खाली बघितलं, फरशीवरून तळहात फिरवला.

"काय शोधतेस?"

"काही नाही. मुंग्या होतील."

मीही तिच्याजवळ खाली बसले आणि आम्ही दोघींनी मिळून फरशी चाचपली. पलंगाखाली, भिंतीच्या कडेने, सगळीकडे.

"चुरा नाही गं कुठं," आई म्हणाली.

बाहेर चिमण्या बोलत होत्या. खिडकीचा कठडा दोन पावलांवर होता. तो बघायला आम्हा दोघींपैकी कुणीच उठलं नाही.