सत्तेचाळीसचे पन्नास

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे! बहुतेक लेकीच्या फोनमुळे.

ती नागपूरला नोकरी करते. मागच्या सुट्टीत दिघोरीला आली आणि मोठ्या कौतुकानं फोन दाखवत बसली. "आई, सत्तेचाळीसची वस्तू घेतली ना, की हा पन्नास कापतो अन् तीन रुपये आपोआप बाजूला टाकतो. कळतही नाही!" मी हसले. बाप्पा, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून तुझी आई हेच करत होती! पण हे ओठांवर आलं आणि हसू तिथंच विरलं.

तेव्हा नवरा पुण्याला ट्रक चालवायचा आणि पैसे मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे पाठवायचा. मामाजी कंजूस मुळीच नव्हते — फक्त सामान आणलं की भाव विचारायचे, सवयच ती. साखर सत्तेचाळीसची आली की मी पन्नास सांगायची. गूळ सदतीसचा, तर चाळीस. वरचे तीन रुपये पोह्याच्या डब्यात. बपेऱ्याला माहेरी जाताना आईच्या हातावर चार पैसे ठेवावेत, एवढंच मनात. मामाजींना मागितले असते तर दिले नसते का? दिले असते — आणि वर वाटेसाठी डबाही भरून दिला असता. पण मागायचं कसं?

सामान देवाजीकाकांच्या दुकानातून यायचं. मामाजींचे ते लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी दुकानापुढच्या बाकड्यावर दोघांचा चहा आणि भांडण — तळ्यात पाणी किती, यावरून सुद्धा भांडायचे. ते भांडण ऐकलं की मला घर जागेवर असल्यासारखं वाटायचं.

मग एकदा मामाजी डोळ्यांच्या औषधासाठी साकोलीला गेले आणि सहज म्हणून तिथल्या दुकानात भाव विचारून आले. घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत. "ज्याच्या बाकड्यावर जिंदगी गेली, तो देवा मले लुटून राहिला ना, बाई!"

मी तेव्हा काय करत होते? तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

मामाजींनी बाकडं सोडलं. ओसरीत एकटे बसायचे, मी दिलेला चहा अर्धा टाकायचे. देवाजीकाका मला विचारायचे, "तुझे मामाजी काहून येत नाही वो? तब्येत बरी हाये ना?" मी सांगितलं — गुडघे दुखतात. म्हणजे आणखी एक खोटं.

मग मला वाटलं, आपणच निस्तरू. मी उलटं सुरू केलं. डाळ त्रेपन्नची आली की पन्नास सांगायची, वरचे तीन डब्यातून भरायची. शहाणी ना मी! महिनाभरात मामाजी खुश. म्हणाले, "पाहिलं? शरम वाटली त्याले. सुधरला."

सुधरला! ज्यानं कधी रुपयाही जास्त घेतला नाही, तो माणूस माझ्यामुळे सुधरला. तेव्हा तरी बोलायचं — "मामाजी, ती मीच." तीनच शब्द होते. नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभी असताना मामाजी काठी टेकत आले. "देवा, भावात जे केलं ते केलं. मी तुले माफ केलं."

काकांचा हात तराजूवर थांबला. त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी मान खाली गेली, आणि तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. वही काढून एकेक भाव दाखवता आला असता त्यांना. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, बाकडं पुसलं आणि म्हणाले, "बस ना बे. च्या सांगतो."

त्या दिवसापासून मामाजी बाकड्यावर असले की काका भाव तोंडानं सांगत नसत. कागदाच्या कपट्यावर पेन्सिलनं आकडा लिहून माझ्यापुढे सरकवायचे. मामाजींनीही भाव विचारणं सोडलं — माफ केलं होतं ना!

मामाजी मागच्या वर्षी गेले. फार जीव होता माझा त्यांच्यावर, अजून आहे. शेवटी शेवटी मी त्यांचे पाय दाबत असले की सांगायचे, "माणसाले माफ करता आलं पाहिजे, पोरी. मी देवाले केलं." मी पाय दाबत राहायची. तेव्हाही नाही बोलले.

काल साखर आणायला गेले होते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, बाकडं रिकामं होतं. काकांनी साखर तोलली, पुडा बांधला, कपट्यावर आकडा लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी पैसे दिले आणि घरी आले.