टोलीतली अकरा लेकरं

शोभाताई भुते आमच्या प्रताप नगरच्या इमारतीत राहायला आल्या, तेव्हा सुरुवातीचं वर्षभर मी त्यांना टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. बाई जिन्यात भेटल्या की भाजीचा भाव नाही, पाण्याची टाकी नाही, थेट विचारायच्या, "भाऊ, तुमच्या आजोबांचं गाव कोणतं?" तेहतीस वर्षं त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात नकाशांच्या नकला काढल्या. निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला, मुलगी सोनिका पुण्यात. मग त्यांनी दुसऱ्यांचे पूर्वज शोधायला घेतले. कुणाला जात पडताळणीसाठी पणजोबाचा कागद हवा असायचा, कुणाला शेताची जुनी हद्द. जुन्या वह्या स्कॅन होऊन वेबसाईटवर चढल्या, तेव्हापासून तर त्यांना जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. लॅपटॉपवर पान मोठं करायच्या आणि वर पुन्हा भिंग लावून बघायच्या.

मला या उकराउकरीचा राग होता. आमच्या पूर्वजांचा कागद निघाला, तर जातीच्या रकान्यात काय लिहिलेलं असणार ते मला ठाऊक आहे. त्यासाठी भिंग कशाला? हे मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि दळण घेऊन वर गेल्या. भांडायला आलेल्या माणसाचं असं कुणी ऐकून घेतलं की त्याची मोठी पंचाईत होते.

पण माझ्या मायनं त्यांना गाठलंच. माय म्हणजे भीमाबाई, वय सत्त्याऐंशी, कान शाबूत, गुडघे गेलेले. एका दुपारी मी बाहेरून आलो, तर शोभाताई तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलेल्या, आणि माय त्यांना ते सांगत होती, जे मला तिनं आयुष्यात एकदाच सांगितलं होतं.

रामटेकच्या पुढं मोहखेडी नावाचं गाव. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमच्या लोकांची टोली. शेहेचाळीस सालचा उन्हाळा. माय आठ वर्षांची, तिचा भाऊ दौलत तीन वर्षांचा. आजी कामावर गेलेली. मायनं नाल्यातल्या झिऱ्यातून, म्हणजे वाळूत खणलेल्या खड्ड्यातून, पाणी आणलं आणि भावाला पाजलं. संध्याकाळी त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आजी म्हणाली, "तूच पाजलं त्याले ते पाणी." एकदा म्हणून थांबली असती तर वेगळं. ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

मायनं मला कधी स्वतःच्या हातानं पाणी दिलेलं मला आठवत नाही. माझ्या मुलीला, रितिकालाही नाही. "माठ तिथं हाय, घे," एवढंच. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे.

"शोभा," माय म्हणाली, "तुह्या त्या वहीत पाय ना वं, माहा भाऊ कायनं मेला."

आठवड्याभरात शोभाताईंना ते पान सापडलं. ती कोतवालाची वही. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालानं पोलीस ठाण्याला कळवायचं असे. मोहखेडीचा कोतवाल आमच्यापैकीच, अक्षरशत्रू. तो आठवडाभराचे जन्म-मृत्यू डोक्यात ठेवायचा आणि बाजाराच्या दिवशी ठाण्यातल्या मुन्शीला तोंडी सांगायचा. मुन्शीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: दौलत, बाप सखाराम, वय तीन, मृत्यूचं कारण ताप.

माझा जीव भांड्यात पडला. "ताप! म्हणजे पाण्याचा संबंधच नाही. चला, आत्ताच सांगू तिला."

शोभाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पान खाली सरकवलं. बाळंतीण, ताप. सत्तर वर्षांचा म्हातारा, ताप. तरणाताठा गुराखी, तोही ताप. फक्त एका माणसापुढं साप.

"कोतवालाले जे समजे नाही, ते ताप," त्या म्हणाल्या. "याले पुरावा नाही म्हणत, भाऊ."

"ताई, सत्त्याऐंशी वर्षांची बाई आहे ती. एक शब्द खोटा बोललात तर कुणाची जमीन जाणार आहे?"

"त्यायनं दिलासा मागितला असता तर देल्ला असता. त्यायनं कागद मागितला."

मी उठलो आणि त्यांच्या घराचं दार आपटून खाली आलो. असली खरेपणाची मिजास कार्यालयात चालते, माझ्या घरात नको, असं काहीबाही बायकोजवळ बोललो. मायला सांगितलं, शोधणं चालू आहे. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तिला काय वाटलं असेल, ते मला दिसत होतं. कागदातही आपलंच नाव निघालं, म्हणून हे सांगत नाहीत.

पंधरा दिवसांनी शोभाताई बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन आल्या. आमच्यात अबोला आहे, हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर माझ्याच घरच्या चार वाट्या ठेवल्या.

त्यांनी मोहखेडीची नऊ वर्षांची पानं वाचून काढली होती. एरवी एका उन्हाळ्यात गावातली दोन-तीन लेकरं जायची. त्या मे महिन्यात अठरा दिवसांत अकरा गेली. अकराही टोलीतली. नाल्याच्या अलीकडचं एकही नाही. "कारण चुकलं असन कोतवालाचं," त्या म्हणाल्या, "पण मेलेली लेकरं मोजाले तो चुकला नाही."

मग नकाशा. नकाशात विहीर म्हणजे बारका गोल. गावात तीन गोल होते, टोलीत एकही नाही.

"पण हा नकाशा एकोणीसशे सतरा सालचा," त्या म्हणाल्या. "मधात कोणी विहीर खोदली असन तर? म्हणून जुन्या कार्यालयात जाऊन मूळ नकाशा पाहून आली. नंतरची दुरुस्ती लाल शाईनं करतात. टोलीतली पहिली विहीर लाल शाईत आहे, एक्कावन सालची." त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "आन त्या तीन विहिरींवर तुमच्या लोकायले येऊ देत नोते. आमच्यासारख्यायच्या विहिरी होत्या त्या, भाऊ."

मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसेही वाटले. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. मायच्या खोलीचं दार उघडलं.

शोभाताईंनी तिला सगळं सावकाश सांगितलं, नकाशा तिच्या मांडीवर ठेवून. "मावशी, टोलीत विहीरच नोती. अठरा दिवसांत अकरा लेकरं गेली. त्या नाल्याच्या पाण्यानंच गेली असतीन. पण तुमच्याजवळ दुसरं पाणी होतं कुठं?"

मायनं त्या कागदावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "नावं वाच."

शोभाताई वहीतून उतरवलेली यादी वाचू लागल्या. दौलत, बाप सखाराम. एकेक नाव, एकेक बाप. सातव्या नावाशी मायनं त्यांचा हात धरला. गंगू, बाप उरकुडा, वय दोन.

"कांतीची बहीण," माय म्हणाली. "कांती आन मी संगच जात होतो पाण्याले." आणि मग तिच्या ध्यानात आलं. "तिच्या मायनंबी तिले हेच म्हटलं असन." मायला रडताना मी बापाच्या मयतीतही पाहिलं नव्हतं. "नागसेन, जाय गा. सांगून ये तिले."

पाच-सहा नातेवाइकांना फोन केल्यावर कांताबाईंचा पत्ता लागला, जरीपटक्यात. दोघी पन्नास वर्षं एकाच शहरात होत्या. आम्ही गेलो तर त्यांच्या नातसुनेनं, प्रीतीनं, दार उघडलं. कांताबाई मागच्या दिवाळीत गेल्या होत्या. आम्ही कशाला आलो ते तिला सांगितलं. "आजी फिल्टरचं पाणीसुद्धा चौपदरी फडक्यातून गाळायच्या," ती म्हणाली. "आम्ही हसायचो त्यांना."

हे मी मायला जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायची सवय एव्हाना मोडली होती. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "मंग बाकीच्या नऊ घरी जा. लवकर जा."

तेव्हापासून शोभाताई नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या स्कूटरवर मागं बसतात. काम सोपं नाही. वहीत आडनावं नाहीत, नुसतं नाव आणि बाप. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर कित्येकांनी नावं बदलली, गावं तर त्याआधीच सोडलेली. मी आता लग्नात, दवाखान्यात, बसस्टॉपवर अनोळखी म्हाताऱ्यांना विचारतो, तुमच्या आजोबांचं गाव कोणतं? बायको कपाळाला हात लावते.

दोन महिन्यांत तीन घरं सापडली. दोन घरांत आठवणारं कुणी उरलं नव्हतं. तिसरं घर रामटेकच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. ओसरीत खाटेवर एक म्हातारे बसले होते, नव्वदीला टेकलेले. मी जय भीम घातला आणि म्हणालो, आम्ही मोहखेडीच्या टोलीतले, तुमच्या लहान्या भावाबद्दल बोलायला आलो आहोत. त्यांनी मान हलवली. शोभाताई खाली वाकून नकाशाची सुतळी सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती, सुटेना.

म्हातारे त्यांच्या हातांकडं बघत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाणी म्याच आनलं होतं."