गारठा मास्तर

बाकीचं गाव उन्हाळ्याला भ्यायचं, आमचे मास्तर थंडीला. अंगाला झोंबते म्हणून नव्हे हो, विजेच्या कामासाठी! आयटीआयमध्ये माझ्या हातात पहिला टेस्टर त्यांनीच दिला. निवृत्त होऊन ते तिसगावजवळच्या आमच्या गावी आले, तर ओट्यावर थर्मामीटर टांगला. हिवाळ्यात उजाडताच कानटोपी घालून आकडा बघायचे आणि वहीत लिहायचे. लोक त्यांना गारठा मास्तर म्हणायचे. मीही म्हणायचो, पाठीमागे.

"सोलर पॅनेलच्या लेबलावरचा व्होल्टेजचा आकडा पंचवीस अंशाचा हाय," ते सांगायचे. "पौषात सकाळी पंचवीस अंश कुठून आननार? पॅनेल गार आन् वर लख्ख ऊन, की व्होल्टेज चढलंच. इन्व्हर्टर निवडायचा तो त्या सकाळसाठी." समोरच्याला पटेपर्यंत उठू द्यायचे नाहीत.

गावाच्या नळयोजनेवर सोलर बसलं, तेव्हा मी पाणीसमितीचा सचिव. ठेकेदाराने वीस पॅनेल एका माळेत जोडली. इन्व्हर्टरला हजार व्होल्टच्या वर चालत नव्हतं. पठ्ठ्याने मे महिन्यात, भर दुपारी मीटर लावून नऊशेतीस दाखवले आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मास्तर पाठीमागे हात बांधून उभे होते. म्हणाले, "दोन काढा. थंडीत हजाराच्या वर जातंय." ठेकेदार हसला, "मास्तर, हे नगर आहे, काश्मीर नाही!" सगळे खो खो हसले. सांगायला लाज वाटते, मीही हसलो. वर 'तपासले, योग्य आहे' म्हणून सही ठोकली. काय तपासलं होतं मी, कप्पाळ!

पौषात, कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी ऊन वर आलं आणि इन्व्हर्टर जळाला. बायाबापड्या महिनाभर हंडे घेऊन विहिरीवर. आता ठेकेदाराची जीभ बघा! समितीच्या सभेत, सगळ्या गावापुढे म्हणाला, "मी मीटर लावला त्या दिवशी मास्तर वायरी चाळवून गेले." ज्या माणसाने विचारल्याशिवाय कधी कुणाचा साधा बोर्ड उघडला नाही, त्याच्यावर हा आळ! गावाने तो खरा मानला. प्रोसिडिंगात लिहूनही घेतला. कोणी? मीच. सचिव ना मी! मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी वायरीला बोटही लावलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर माझी सही उघडी पडली असती.

महिन्याभरात मास्तर घराला कुलूप लावून राहुरीला लेकीकडे गेले. इकडे नवा इन्व्हर्टर आला, पॅनेल अठरा लागली आणि अक्कल ठेकेदाराची म्हणून शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार झाला! संताप होतो नुसता. त्या सत्कारात टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, त्याचा जास्त होतो.

शेवटी न राहवून राहुरीला गेलो. रडलोच त्यांच्यापुढे. "मास्तर, तुम्ही कशालाही हात लावला नव्हता, मला ठाऊक आहे."

"अठराच लावल्यात ना?" त्यांनी आधी विचारलं. हो म्हटलं. "मग पानी चालू ऱ्हाईल." लेकीला चहा टाकायला सांगितला आणि मग माझ्याकडे वळले. "आन् ते दुसरं मला कशाला सांगतो? मला म्हाईतच हाय की. सभेत सांग."

यंदा आखाडात मास्तर गेले. त्याआधी सभा दोनदा भरली होती. दोन्ही वेळा मी पहिल्या ओळीत बसून प्रोसिडिंग लिहीत होतो.