विसरभोळ्या देवीचं पाणी

माझ्या थोरल्या जावेला स्वतःची तीन पोरं होती. तरी तिला माझं एकुलतं एकही लागायचं. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला, पण लिहायला बसले तर अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

बहात्तरचा दुष्काळ होता. कर्जत तालुक्यातल्या आमच्या खेड्यात पेरलेलं उगवलंच नव्हतं, आणि घरातली पुरुष माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आम्ही दोघी जावा पाळीपाळीनं जायचो. एकीनं खडी फोडायची, दुसरीनं घर आणि पोरं सांभाळायची. माझी घरची पाळी असली की पोरं गावभर उंडारायची, हाका मारून माझा घसा सुकायचा. तिची पाळी असली की चारही पोरं ओसरीवर तिच्याभोवती मांडी घालून. मी खडीच्या धुळीनं पांढरी होऊन घरी यावं, तर माझा लेक मान वर करून बघायचासुद्धा नाही.

खेळ तिनं स्वतःच्या डोक्यातून काढलेला. जुन्या धोतराच्या तुकड्यावर कोळशानं एक मुलूख काढला होता. डोंगर, ओढा, थोडी गावं, एक गढी. प्रत्येक पोरानं त्या मुलखातलं कुणीतरी व्हायचं. एक वैदू, एक चोर, एक सुतार. माझा लेक जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा, आणि त्याची सोंगटी म्हणजे त्याच्या बापाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. जाऊ स्वतः कुणीच व्हायची नाही. ती फक्त मुलूख सांगायची. "तू गढीपशी आला. दार बंद हाय. आता काय करशील?" पोरानं काय करणार ते सांगायचं आणि चार कवड्या टाकायच्या. दान चांगलं पडलं तर जमलं, नाहीतर फजिती.

त्या मुलखाला देवही तिनंच दिले होते, आणि काय एकेक देव! विहिरींचा देव ठार बहिरा, त्याच्याकडे काही मागायचं तर ओरडूनच मागावं लागे. आमची पोरं असली ओरडायची की गल्लीतल्या बाया काय झालं म्हणून बघायला यायच्या. आणखी एक देव नवसाला फक्त लाडकी वस्तू घ्यायचा. माझ्या लेकानं त्याला आपला भोवरा दिला. मी मागितला असता तर दिला असता का? पण सगळ्यांत मोठी होती विसरभोळी देवी. मुलखातलं सगळं पाणी तिच्या ताब्यात, आणि तिला कालचं काही म्हणता काही आठवायचं नाही. समोर येईल त्याला ती विचारायची, "कुणाचा रं तू?" खरं सांगितलं तर पाणी मिळायचं. खरं का खोटं हेही बिचारीला उमगायचं नाही, म्हणून ती कवड्यांना विचारायची. तीन किंवा चार उताण्या पडल्या तर खरं.

मी सोमवार धरणारी बाई. जाऊ एक उपास करायची नाही, तिला म्हणे पित्त व्हायचं. एकदा मी बोललेच, "अक्का, देवाचा असा खेळ मांडू नये. पाप लागंल पोरांला."

ती हसली. "अगं, खेळ मांडला तवर ती देवी. धोतर गुंडाळलं की नुसता कोळसा."

माझं पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं. एकदा भाकरी थापताना ऐकलं, माझा लेक तिला विचारत होता, "मोठे आय, दोघांनी देवाकडं उलटंसुलटं मागितलं तर देव कुणाचं ऐकनार?"

"देवाची बी पंचाईतच हुती की रं. टाक कवड्या."

असला प्रश्न त्यानं मला जन्मात विचारला नव्हता. मला विचारायचा तो एवढंच, की आये, गूळ हाय का. आणि मी द्यायची. रेशनच्या त्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी पोरांच्या घशाखाली उतरायची नाही, म्हणून माझ्या वाटचा गुळाचा खडा त्याला द्यायची. तो खडा तोंडात टाकून ओसरीकडे पळायचा. तिकडे जाऊ त्याचा कान पिरगाळायची, लबाडी केली म्हणून डावातून उठवायची. तरी त्याचं तिच्यावाचून पान हलायचं नाही.

शेवटी मीही खेळात एक देव आणला. म्हटलं, बघूच. माझा देव साधा. दिवा लावला की जे मागाल ते द्यायचा, पाणी, घोडा, सोनं, काहीही. पोरं दोन डाव त्याच्या देवळात गेली आणि मग कुणी फिरकेना. मी लेकाला विचारलं, का रे?

"तुझा देव काय बी मागितलं तरी देतो," तो म्हणाला. "मग खेळायचं कशाला?"

जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. मी उठून चुलीपाशी गेले आणि उगाचच जाळ मोठा केला.

त्या उन्हाळ्यात थोरल्या दिरांना कोपरगावकडे एका साखर कारखान्यात रखवालदाराची नोकरी लागली. बिऱ्हाड हललं. जाऊ निघाली तेव्हा मी रडले, सगळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, आतून मला सणासारखं वाटत होतं. जाताना तिनं धोतर आणि कवड्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "त्याला खेळव. ऱ्हानार न्हाई त्यो."

लेक तर ती निघायच्या आधीच रुसला. आठवडाभर धड जेवला नाही. मग एका दुपारी मीच ओसरीवर धोतर पसरलं आणि तिच्या जागेवर बसले. आता ओसरी माझी, मुलूख माझा, लेकही माझा. समोर तो एकटाच. बटण गढीपाशी ठेवून मी तिच्यासारखाच आवाज काढला, "दार बंद हाय. आता काय करशील?"

त्यानं दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बटण ढकलत ढकलत डोंगराच्या वर नेलं, पार कापडाच्या काठापर्यंत.

"तिथं काही नाही रे," मी म्हटलं. "मुलूख संपला."

"हितून पुढं कोपरगाव हाय. जासूद तिकडं चाललाय. वाटंत पानी लागंल, देवीकडं मागायचंय."

मुलूख सांगणारीच देवीच्या तोंडून बोलायची, म्हणजे विचारणं मला भाग होतं. "कुणाचा रं तू?"

जाऊ असताना तो या प्रश्नाला गढीच्या राजाचा म्हणायचा, नाहीतर पाटलाचा. खेळातलंच काहीतरी. त्या दिवशी त्यानं बराच विचार केला. देवीला खरं सांगावं लागतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

"मोठ्या आयचा," तो म्हणाला.

कवड्या टाकल्या. चारही उताण्या. निदान एकीला तरी माझी लाज वाटायला हवी होती! लेक माझ्या तोंडाकडे बघत होता, आई म्हणून नाही, देवी काय म्हणते म्हणून. मग मी म्हटलं, "खरं हाय. घे पानी. जा."

त्यानं बटण कापडावरून खाली उतरवलं, सारवलेल्या जमिनीवरून उंबऱ्यापर्यंत नेलं, आणि रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धोतर पसरलं. उंबऱ्यावरचं बटण आणून गढीपाशी ठेवलं. देवीला कालचं काही आठवत नाही, हा तर तिचाच नियम. त्यामुळे मला पुन्हा विचारायचा हक्क होता. बटण परत काठाशी आलं तसं मी विचारलं, "कुणाचा रं तू?"

त्यानं तेच सांगितलं. मी कवड्या उचलल्या, ओंजळीत खुळखुळवल्या, आणि मनातल्या मनात माझ्या खऱ्या महादेवाला जादा सोमवारांचा नवस बोलले, की या खेपेला तरी उपड्या पडू देत.

पाणी द्यावंच लागलं.