कांतीभाऊंची जीप आणि आबांची हाक

कांतीभाऊंना अग्नी देऊन आलो, तर जीपमध्ये त्यांना कोणीतरी हाक मारत होतं.

आज वर्ष झालं.
हाक अजून येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांतीभाऊ म्हणजे धुळ्यातले कापडवाले. मारवाडी घर, दोघे भाऊ, एकच दुकान. मोठे शेठ साड्या विकायचे. कांतीभाऊ पण साड्याच विकायचे, पण लक्ष हॅम रेडिओत. म्हणजे परीक्षा देऊन सरकारी लायसन घ्यायचं आणि लांबच्या माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या.

मोबाईल असताना कशाला, हे मीपण विचारलं होतं.

"फोनवर माणूस नाव बघून उचलतो रे," म्हणाले. "इथं जो असेल तो बोलतो."

गच्चीवर अँटेना लावायला मोठ्या शेठनी साफ नाही म्हटलं. वीज पडेल म्हणे. मग सगळा संसार जीपमध्ये गेला. जीपला ड्रायव्हर पाहिजे, म्हणून मी.

मी तेव्हा कॉलेज सोडून, मग शिरपूर सोडून, मग सुरतेचा टेम्पोही सोडून आलो होतो. मधे एका माणसाबरोबर सातपुड्यात मध काढायला गेलो, तिथे माश्यांनी असा काही... ते राहू दे. कांतीभाऊ मला भटक्या म्हणायचे. मी सोडून न गेलेली ती एकच नोकरी.

तिकडे जळगावला आबा.

आबा म्हणजे रेडिओवरचेच दोस्त, चांगले म्हातारे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं. रोज दिवाबत्तीच्या वेळेला आबा रेडिओ उघडायचे आणि आपल्या मंडळींची एकेक करून हजेरी घ्यायचे. नाव घेऊन आपल्या अहिराणीत 'शे का?', म्हणजे आहेस का, विचारलं की त्याने बोलायचं. बस, एवढंच. पण त्याच्यासाठी कांतीभाऊ गिऱ्हाईक अर्ध्यात सोडून पळायचे.

आबांना ऐकू कमी यायचं. म्हणून कांतीभाऊंनी मोठा अँप्लिफायर आणून जीपमध्ये बसवला.

आणि झालं भलतंच. हे बोलायला लागले की व्होल्टेज बसायचं. एकेका शब्दाला हेडलाईट मान टाकायचा. तिकडे आवाज फाटून जायचा.

आबा म्हणाले, "कांती, तू बोली राह्यना का खोकली राह्यना?"

ते यांना फार लागलं.

मग वायरमन आला. गाडीत वीज करणारा मोठा अल्टरनेटर टाकला. मागे अँप्लिफायरजवळ दुसरी बॅटरी बसवली. वेल्डिंगवाल्याकडची बोटाएवढी जाड केबल ओढली, फ्यूज टाकले. मोठे शेठ येऊन बघून गेले, म्हणाले, लग्नाला नवरीला एवढं सोनं घालत नाहीत.

तरी आवाज फाटतच होता.

शेवटी कांतीभाऊ स्वतः बोनेटमध्ये घुसले आणि मला बोलत राहायला सांगितलं. माझ्याकडे लायसन नाही, मी कसा बोलू? मग वायरमनने माईक दाबायचा, कांतीभाऊंनी तिकडून नुसतं ओरडायचं, असा तमाशा. तेवढ्यात ते कळवळले. इंजिन आणि चेसिसच्या मधली अर्थची, म्हणजे मायनसची पट्टी. जुनी, गंजलेली, आणि तापून लाल व्हायची बाकी होती. चटका बसला हाताला.

सगळ्यांनी प्लसच जाड केला होता. मायनसला कोणी विचारलंच नव्हतं.

"जायचा रस्ता रुंद केला," फुंकर घालत म्हणाले, "यायचा तसाच ठेवला आपण."

पट्टी बदलली. रंग खरवडून नवी जाड घट्ट बसवली. शिरपूरच्या पुढे डोंगरात नेली जीप, जिथे मोबाईलला एक काडी येत नाही. कांतीभाऊ बोलले. हेडलाईट हलला नाही.

आबा म्हणाले, "कांती, आज तुना आवाज घरमा उना."

'घरात आला' एवढ्यावर कांतीभाऊ परत येताना घाटभर खूश. नुसते हसत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. दुकानात, दुपारी, कापडाचं ठाण उलगडता उलगडता.

अमरधामवरून जीप आणून वखारीत लावली. दिवाबत्तीची वेळ. रेडिओ सवयीने लावला गेला.

"कांती, शे का रे तू?"

मी माईककडे बघत बसलो. हात लावला नाही.

आबांना सांगितलं नाही असं नाही. त्यांच्या मुलाला फोन केला, त्याने त्यांना समजावलं. आबांनी मान हलवली म्हणे. संध्याकाळी परत हजेरीत नाव घेतलं. बाकीच्या मंडळींनाही माहीत आहे. पण कांतीभाऊंच्या नावानंतर कोणी मधे बोलत नाही. सगळे थांबतात. मग आबा पुढचं नाव घेतात.

मोठ्या शेठना जीप मालासाठी पाहिजे होती. वायरमनला घेऊन वखारीत आले, म्हणाले, सगळं काढ. तो पक्कड घेऊन वाकला आणि नेमकी वेळ झाली.

"कांती, शे का रे तू?"

मोठे शेठ स्पीकरकडे वळून म्हणाले, "कांती बाहेर गेलाय."

दुकानात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगायचे ना, तसंच. माईक हुकावरच होता. कोणाला काही गेलं नाही.

मग वायरमनला म्हणाले, आज राहू दे.

तेव्हापासून रोज येतात. शेजारच्या सीटवर बसतात. आबांची हाक होते, ते पाय खाली टाकतात, चपला शोधतात, जातात. मधे मला म्हणाले, त्या म्हाताऱ्याला कोणीतरी जवाब दिला पाहिजे. परीक्षेचं पुस्तक आणलं. या वयात चष्मा लावून दुकानात पाठ करायचे, गिऱ्हाईक हसायचं.

परवा विचारलं, "लायसन आल्यावर पहिलं काय बोलायचं असतं?"

मी म्हटलं, आपला कॉलसाईन, लायसनवर मिळालेलं रेडिओचं नाव.

"मग?"

"मग सांगायचं आबांना. कांतीभाऊ गेले म्हणून."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"ते मी सांगायचं?"

पुस्तक काल माझ्या हातात दिलं. तू ठेव म्हणाले.

मीपण उघडलेलं नाही.

आजही हाक आली. आजही सगळे थांबले.

या फेसबुकवर आबा नाहीत. म्हणून इथे लिहितोय.

कांतीभाऊ गेले.

भाऊ, नमस्कार घ्या. तुमच्या भटक्याचा.